ठाणे-नवी मुंबईत घरच्या कोंबड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घणसोली, दिवाळे, करावे, बाळकुम, कोलशेत, कळव्याच्या गावठाणांतून, येऊरच्या पायथ्याच्या बंगल्यांतून आणि शीळफाट्याकडच्या बैठ्या चाळींतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण घरच्या अंड्यांसाठी चार-सहा कोंबड्या पाळणारे आहेत. उत्तरंही त्यांच्यासाठीच आहेत, धंद्याच्या पोल्ट्रीसाठी नाहीत.

१. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत दोन कोंबड्या ठेवल्या तर चालेल का?

नका ठेवू. कोंबडीला दिवसभर उकरायला माती लागते, लोळायला कोरडी धूळ लागते आणि रात्री बसायला उंच दांडी. नुसत्या फरशीवर तिच्या तळपायांना गाठी येतात, उद्योग नसला की ती स्वतःची नाही तर दुसरीची पिसं उपटते, आणि वास खालच्या मजल्यापर्यंत जातो.

रात्रीच्या खुराड्यात दर कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा चौरस फूट, एवढं धरून चला. चार कोंबड्यांना साधारण आठ बाय सात फुटांचं अंगण झालं. गच्ची विचारात असेल तर एप्रिलच्या दुपारी दोन वाजता अनवाणी वर जाऊन उभे राहा. पाय भाजत असतील तर सावली आणि मातीचा जाड थर केल्याशिवाय तिथे कोंबडी नेऊ नका.

एकटी कोंबडी कधीच पाळू नये. ती कळपात जगणारी आहे. कमीत कमी तीन घ्या, म्हणजे एखादी दगावली तरी मागे एकटी कुणी राहत नाही.

२. परवानगी लागते का? शेजाऱ्यांनी तक्रार केली तर?

आधी तुमच्या प्रभाग कार्यालयात जाऊन विचारा आणि शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या. सोसायटी असेल तर कमिटीची लेखी संमती, भाड्याचं घर असेल तर मालकाची. खुराडं बांधण्याआधी डाव्या-उजव्या दोन्ही घरांत स्वतः जाऊन बोला. तक्रारी होतात त्या तीनच गोष्टींवरून: कोंबड्याचं आरवणं, वास आणि माश्या. पहिलीवर उपाय म्हणजे कोंबडा न पाळणं (प्रश्न ४). उरलेल्या दोन्हींचं उत्तर प्रश्न २१ मध्ये आहे.

३. कोणती जात घ्यावी? पिल्लं कुठे मिळतात?

गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. पण ती खुडूक बसते (अंडी उबवायला बसते), पिल्लं सांभाळते, घार दिसली की आडोसा गाठते आणि कुत्रा आला तर भिंतीवर उडते. गावठाणात मोकळी फिरणारी हवी असेल तर माझं मत तिच्याच बाजूने आहे.

अंडी जास्त हवी असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली ग्रामप्रिया घ्या. परसात नीट सांभाळली तर ती वर्षाला १६० ते १८० अंडी देते. ऱ्होड आयलंड रेडही शांत आणि चांगली आहे. वनराज आणि गिरिराज अंगाने जड असतात, त्यांना उडता येत नाही. ज्या गल्लीत भटकी कुत्री आहेत तिथे त्यांना बंद अंगणच हवं.

गोरेगावला आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे. पिल्लं कधी आणि किती मिळतील हे आधी विचारून मगच निघा. नवख्या माणसाने एक दिवसाच्या पिल्लांच्या मागे न लागता तीन-चार महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्याव्यात. महाग पडतात, पण पिल्लांची सगळ्यात नाजूक वेळ निघून गेलेली असते.

४. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देईल का?

देईल, तेवढीच देईल. कोंबडा लागतो तो फक्त पिल्लं हवी असतील तर. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणूनच रोज अंडं घालायची वेळ थोडी थोडी पुढे सरकते आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. ते आजाराचं लक्षण नाही.

५. खुराडं बांधताना कशाची काळजी घ्यायची? आमच्याकडे मुंगूस येतो.

मुंगूस, घूस, मांजर, भटकी कुत्री, दिवसा घार आणि कावळे. येऊर आणि घोडबंदरच्या डोंगराकडच्या बाजूला उदमांजर आणि बिबट्याही. खुराडं बांधायचं ते या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून.

षटकोनी भोकांची पातळ चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. घूस खालून बीळ काढून येते, म्हणून जाळी चहूबाजूंनी फूटभर जमिनीत पुरा किंवा तळाला कोबा करून त्यावर तूस पसरा. दाराला नुसता खटका लावू नका, कडी घाला. छप्पर पत्र्याचं असेल तर त्यावर झावळ्या किंवा गोणपाट टाका, नाहीतर दुपारी आत भट्टी होते. हवा खेळायला वरच्या बाजूला भिंतीत मोकळी फट हवीच, तिलाही जाळी.

आत बसायच्या दांड्या जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, दर कोंबडीला आठ-दहा इंच. चार कोंबड्यांत अंड्यांसाठी एक अंधारी पेटी किंवा पेंढा घातलेली टोपली पुरते. ती दांडीपेक्षा खाली असावी, नाहीतर कोंबड्या रात्री टोपलीतच झोपतात आणि घाण करतात.

अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. हल्ला झाला तर ती जागची हलत नाही. संध्याकाळी दार लावणं हे घरातल्या एका ठरलेल्या माणसाचं काम असू द्या. “आज तू लावलंस ना?” या प्रश्नात अनेकांच्या कोंबड्या गेल्या आहेत.

६. खायला काय घालायचं? घरचा उरलेला भात, पोळी चालते ना?

चालते, पण जोडीला. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. त्यातलं बहुतेक लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) असावं, म्हणजे १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम मिळतं. नुसत्या भात-तांदळावर कोंबडी लठ्ठ होते आणि अंडी कमी करते.

कॅल्शियमसाठी आपल्याकडे सोपा उपाय आहे. तिसऱ्या, खुबे, कालवांचे शिंपले धुऊन, खडखडीत वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती तेवढं खाते. मात्र अंड्यावर न आलेल्या पिल्लांना आणि तलंगांना लेअर मॅश घालू नका. जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. त्यांना आधी स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) आणि मग ग्रोअर (वाढत्या तलंगांचं खाद्य).

शेवग्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची बाहेरची पानं, कलिंगडाची सालं खुशाल घाला. फरसाण, खारवलेली मासळी, चॉकलेट, अॅव्होकॅडो, कच्चा राजमा, हिरवट बटाट्याची सालं आणि बुरशी आलेलं काहीही घालू नका. “बुरशीच आहे, कोंबडीला काय होतंय” असं म्हणून घातलेल्या मक्याने यकृत खराब होतं आणि कोंबडी दगावू शकते.

७. मुलीने स्टेशनबाहेरून गुलाबी पिल्लू आणलं आहे. ते सतत चिवचिवतंय. काय करू?

आधी ऊब द्या, मग बाकीचं. ही बहुधा अंड्यांच्या हॅचरीतली नर पिल्लं असतात. तिथे नरांचा उपयोग नसतो म्हणून ती रंगवून स्वस्तात विकली जातात. प्रवास, भूक आणि गारठा सोसून ती तुमच्या हातात येतात.

खोक्यात कागदावर तूस घालून वरून ४०-६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा. एलईडीने ऊब मिळत नाही. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लाकडे बघा. बल्बखाली अंग चोरून ओरडत असेल तर थंडी वाजतेय, कोपऱ्यात चोच उघडून बसलं तर गरम होतंय, फिरत खात असेल तर बरोबर आहे. पाणी उथळ ताटलीत, त्यात गोट्या टाकून, म्हणजे बुडणार नाही. एकटं पिल्लू फार ओरडतं. जवळ आरसा ठेवला तर थोडं शांत होतं, पण खरा उपाय म्हणजे सोबत.

पिल्लू जगलं तर चार-पाच महिन्यांत आरवायला लागेल, तेव्हा कुठे ठेवायचं हे आजच ठरवा. आणि मुलीला समजावून सांगा की पुढचं पिल्लू विकत घेऊ नये. घेणारे आहेत तोवर ती रंगवली जाणारच.

८. अंडं घातल्यावर कोंबडी एवढा गोंधळ का करते? आणि कोंबडा पहाटे तीनलाच का आरवतो?

अंडं घालायला ती कळपापासून बाजूला झालेली असते. बाहेर आल्यावरचं ते ओरडणं बहुधा बाकीच्यांना “मी इथे आहे” असं सांगणं आहे, आणि बाकीच्या उत्तरही देतात. दहा-पंधरा मिनिटांत थांबतं. थांबवायचा प्रयत्न करू नका.

कोंबड्याच्या अंगातच घड्याळ आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं की कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेची वेळ साधून आरवतात, आणि उजाडण्याच्या साधारण दोन तास आधीच सुरुवात करतात. पुढे २०१५मध्ये हेही समजलं की गटातला वरचढ कोंबडा आधी आरवतो, बाकीचे त्याच्या मागून. खुराड्यात पूर्ण अंधार केला तर आवाज थोडा कमी होतो, बंद होत नाही.

कान दिलात तर आणखी एक फरक कळेल. घार दिसली की कोंबडा लांब, बारीक आवाज काढतो आणि सगळ्या जागच्या जागी दबकतात. मांजर किंवा कुत्रा दिसला तर तुटक “कट-कट-कटाक” असं ओरडतो आणि सगळ्या मान वर करून बघतात. धोका वरून आहे की जमिनीवरून, हे ते आवाजातूनच सांगतात. दुपारी घरात असताना हा फरक ओळखता आला तर पिल्लं वाचतात.

९. ताई, आमची कोंबडी मातीत आडवी पडून पाय झाडत होती, डोळे अर्धे मिटलेले. फिट आली का?

नाही, ती अंघोळ करत होती! घाबरून हा प्रश्न विचारणारे सगळ्यात जास्त असतात, म्हणून जरा नीट सांगते.

कोंबडी आधी चोचीने आणि पायांनी माती भुसभुशीत करते. मग एका कुशीवर पडते, वरचा पंख उचलून पायाने धूळ पिसांच्या आत ढकलते, मान मातीत घासते. मध्येच एकदम स्तब्ध पडते, पंख पसरलेला, डोळ्यावर पातळ पडदा. याच क्षणी ती मेल्यासारखी वाटते. वीस-पंचवीस मिनिटांनी उठते आणि सगळं अंग फुलवून एकच झटका देते, धुळीचा लोट उठतो. जास्तीचं तेल, उवा आणि कोंडा त्या धुळीबरोबर निघून जातो.

हे तिला इतकं गरजेचं आहे की पिंजऱ्याच्या तारेवर उभी असलेली कोंबडीही मातीशिवाय या सगळ्या हालचाली करून बघते. पावसाळ्यात अंगण ओलं असतं, तेव्हा छपराखाली जुन्या टबात बारीक वाळू, कोरडी माती आणि थोडी चुलीची राख घालून ठेवा.

खरी फिट किंवा मानमोडी असेल तर मान पिळवटते, तोल जातो, आणि कोंबडी उठून अंग झटकत नाही. तसं दिसलं तर प्रश्न १७ पाहा.

१०. एकीला बाकीच्या सारख्या टोचतात. तिला वेगळं करू का?

कळपात कोण वर, कोण खाली याची उतरंड असते. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरूप-एबे यांनी ती पहिल्यांदा व्यवस्थित मांडली. खाद्याच्या भांड्याशी एखादी टोच, डोक्यावरचं एखादं पीस जाणं, हे चालायचंच. त्यात पडू नका. भांडी मात्र दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे खालच्या क्रमांकाचीलाही पोटभर मिळेल.

रक्त दिसलं की मात्र लगेच वेगळी करा. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि संध्याकाळपर्यंत जीव जाऊ शकतो. जखमेवर हळद किंवा जांभळं औषध लावा म्हणजे लाली झाकली जाते. पूर्ण नजरेआड मात्र ठेवू नका, जाळीच्या पलीकडे त्यांना दिसेल अशी ठेवा. नाहीतर परत सोडल्यावर ती त्यांना परकी वाटते.

टोचणं अचानक वाढलं तर कारण शोधा: जागा कमी, खाद्यात प्रथिनं कमी, उवा, उकाडा किंवा नुसता रिकामा वेळ. पालेभाजीची जुडी दोरीने उंचावर टांगली तरी दुपार शांत जाते.

११. नवीन दोन आणल्या आहेत. जुन्यांमध्ये कशा मिसळायच्या?

आल्या आल्या तीन आठवडे पूर्ण वेगळ्या, वेगळं भांडं, आणि जुन्यांचं सगळं आवरून मग यांच्याकडे जायचं. बाजारातून आलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते आणि रोग आत घेऊन येते. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या. मग रात्री दांडीवर जुन्यांच्या शेजारी बसवा. दोन-चार दिवस मारामारी होईल, मग बसते घडी. दोन आणा, एक आणू नका, म्हणजे मार वाटला जातो.

नव्या खुराड्यात आलेली कोंबडी पहिले सात दिवस आतच ठेवा. तेवढ्यात हेच आपलं घर हे तिला कळतं आणि पुढे संध्याकाळी आपणहून परत येते.

१२. कोंबडी टोपलीतून उठतच नाही, हात लावला की फुगते आणि घुरघुरते.

ती खुडूक झाली आहे. शरीर पूर्ण चपटं करून बसते, पोटाची पिसं झडून कातडी उघडी पडते, कारण अंड्यांना ऊब थेट कातडीतून द्यायची असते. दिवसातून एकदाच उठते, खाते, पिते, मोठी आणि फार घाण वासाची विष्ठा टाकते आणि परत बसते.

पिल्लं हवी असतील तर तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवा (प्रश्न १३). नको असतील तर खाली हवा खेळेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, उजेडात तीन-चार दिवस ठेवा. खाणं-पाणी भरपूर द्या. पोटाखाली थंडावा मिळाला की खुडूक मोडते. पाण्यात बुडवणं, नाकपुडीत पीस खुपसणं, उपाशी ठेवणं हे जुने उपाय कृपा करून करू नका. त्यात तिचे हाल होतात आणि अंडी लवकर येतातच असं नाही.

१३. रवणीला किती अंडी घालायची? मागच्या मे महिन्यात एकही पिल्लू निघालं नाही.

गावठी कोंबडीखाली दहा-बारा, तिच्या अंगाखाली झाकली जातील एवढीच. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. ती अंडी अर्थातच कोंबडा असलेल्या कळपातली हवीत.

मे महिन्याचं कारण बहुधा साठवण. २५-२७ अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव कोंबडीशिवायच थोडा वाढायला लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. आपल्याकडे मार्च ते जून घरातही दुपारी तिशीच्या वर जातं. म्हणून उन्हाळ्यात रवणीची अंडी पाच दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका. टोकदार बाजू खाली करून माठाशेजारी गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजमध्ये नको. जमलं तर रवण थंडीतच घाला.

सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं फळलं, स्वच्छ पिवळसर दिसलं तर काढून घ्या. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. पिल्लू कवच फोडताना तासन्‌तास थांबतं, ते दमलेलं नसतं. त्या वेळात ते उरलेलं रक्त आणि बलक अंगात ओढून घेत असतं. कवच सोलून मदत कराल तर रक्तस्राव होऊन जाईल.

१४. अंडी अचानक बंद झाली. खाणं तेच आहे.

आधी अंगण शोधा. मोकळी फिरणारी कोंबडी जिन्याखाली किंवा शेजाऱ्याच्या कुंड्यांमागे अंडी लपवते. एक दिवस दुपारपर्यंत बंद ठेवलं की कळतं.

मग पिसं बघा. वर्षातून एकदा ती पिसं गाळते, बहुधा पावसाळा संपताना. तेव्हा सगळी प्रथिनं नव्या पिसांना लागतात आणि महिना-दोन महिने अंडी थांबतात. या दिवसांत सुका जवळा थोडा धुऊन, खारटपणा काढून दिला तर फायदा होतो.

तिसरं कारण उजेड. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा. थंडीत कमी होणं नैसर्गिक आहे. पहाटे दिवा लावून दिवस लांबवता येतो, पण चार घरच्या कोंबड्यांना मी तरी विश्रांती घेऊ देईन. याशिवाय जंत, उकाडा (प्रश्न १५), खुडूक आणि वय (प्रश्न २२).

कोंबडी स्वतःची अंडी फोडून खात असेल तर दिवसातून तीनदा अंडी गोळा करा, शिंपल्यांचा चुरा वाढवा आणि पेटी आणखी अंधारी करा. पेटीत पांढरा गोटा ठेवला तर चोच आपटून काही मिळत नाही हे ती शिकते.

१५. उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात.

कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं आणि जास्तीची उष्णता ती धापेतून आणि तुऱ्यातून बाहेर टाकते. खाडीकाठच्या दमट हवेत धापेतून पाणी नीट उडत नाही, म्हणून आपल्याकडचे ३६ अंश त्यांना कोरड्या गावच्या ४० पेक्षा जड जाऊ शकतात.

पाणी सावलीत, दोन-तीन भांड्यांत, दिवसातून तीनदा बदललेलं. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी उन्हाळ्यात दुप्पट पिते. खाद्य पहाटे आणि सूर्य उतरल्यावर द्या, कारण पचनातूनही उष्णता तयार होते. छपरावर ओलं गोणपाट टाका, पण बाजू बंद करू नका, वारा हवा.

पंख अंगापासून लांब धरून, मान लांबवून, डोळे मिटून बसली तर ही आणीबाणी आहे. बादलीत साधं गार पाणी घेऊन तिला पोटापर्यंत त्यात उभी करा आणि चोचीच्या कडेला थेंब थेंब पाणी लावा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

१६. पावसाळ्यात खुराडं ओलं राहतं, पिल्लांना रक्ती हगवण लागते.

ओल हाच शत्रू. रक्ती हगवणीचे जंतू ओल्या गादीत वाढतात आणि पिल्लं तीच उकरून खातात. तळाला चार इंच तूस, रोज पंजाने वर-खाली, ओला भाग लगेच बाहेर. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडत नाही. गुडघे टेकून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर तिथे अमोनिया साठलाय आणि तिचा श्वास त्याच हवेत चाललाय. खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. वेळेवर औषध मिळालं तर पिल्लं वाचतात.

याच दिवसांत डास वाढतात आणि तुऱ्यावर-डोळ्यांभोवती काळ्या खपल्या येतात. ती देवी. डास ती पसरवतात. खपल्या ओरबाडू नका, डोळे आणि चोच स्वच्छ ठेवा. लस आहे.

१७. चार कोंबड्यांना लस देणं खरंच गरजेचं आहे का? मानमोडीवर औषध काय?

गरजेचं आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूचा रोग आहे आणि त्यावर औषध नाही. हिरवट हगवण, धाप, पिळवटलेली मान, आणि दोन-चार दिवसांत अख्खं गावठाण रिकामं होतं.

साधारण क्रम असा: हॅचरीत पहिल्या दिवशी मॅरेक्स रोगाची लस, पाच-सात दिवसांचं पिल्लू झालं की लासोटा (राणीखेतची लस) डोळ्यात थेंबाने, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो (त्याच नावाच्या रोगावरची लस), चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवी, आठव्या-नवव्या आठवड्यात राणीखेतचं आर-टू-बी इंजेक्शन. नेमकं वेळापत्रक पशुवैद्याकडून करून घ्या.

अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त डोसांची येते आणि उघडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा. लस बर्फातच आणायची. उन्हात पिशवीत फिरलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

१८. कोंबडी आजारी आहे हे वेळेत कसं ओळखायचं?

कळपात दुबळी दिसली तर टोचा बसतात, म्हणून कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते. संध्याकाळी दांडीवर बसल्या की एकेकीला हातात घ्या. गळ्याजवळची पिशवी भरलेली हवी आणि सकाळी रिकामी. तुरा लाल आणि उबदार. मग छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं लागलं तर ठीक, हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं लागलं तर ती बरेच दिवस नीट खात नाहीये किंवा जंत आहेत. शेपटीखालची पिसं स्वच्छ आहेत का तेही बघा.

विष्ठेवर पांढरी टोपी असणं बरोबर आहे. अधूनमधून चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठाही बरोबर आहे. रक्त, सतत हिरवं पाणी किंवा फेस मात्र नाही.

कोंबडी शेपटी खाली घालून पेंग्विनसारखी उभी राहते आणि जोर करते आहे, तर अंडं अडकलं असेल. कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. तासा-दोन तासांत निघालं नाही तर पशुवैद्य. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, ते आत फुटलं तर कोंबडी जाते. पशुसंवर्धन विभागाचा मदत क्रमांक १९६२ आहे, आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

१९. बर्ड फ्लूची बातमी आली की काय करायचं? अंडी खायची का?

भारतात कोंबड्यांत हा रोग पहिल्यांदा २००६मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आढळला. आपल्या जिल्ह्यात फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला. ठाणे खाडीत दरवर्षी रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात. पाणपक्षी हा विषाणू वाहून आणू शकतात, म्हणून खाडीकाठच्या गावांनी थंडीत जास्त जपावं. कोंबड्या मोकळ्या सोडू नका, खाद्य-पाणी छपराखाली ठेवा, खुराड्याची चप्पल वेगळी ठेवा, बाहेरून कोंबडी आणू नका.

एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तुरे निळे पडले, तर हात लावू नका, पुरू नका, खाडीत टाकू नका. १९६२ वर कळवा. रोग नक्की झाला तर एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट केले जातात. त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपवण्यात तोटाच आहे. अंडी आणि चिकन ७० अंशांच्या वर पूर्ण शिजवलं तर विषाणू मरतो. हाफ फ्राय त्या दिवसांत नको.

२०. काही विचित्र गोष्टी: कोंबडी आरवते, अंड्यात रक्त, कडकनाथचं अंडं काळं नाही...

आरवणारी कोंबडी अपशकुनी म्हणून मारू नका. कोंबडीचा फक्त डावा अंडाशय चालतो. तो रोगाने निकामी झाला तर उजव्या बाजूचा अवयव कधी कधी नराची संप्रेरकं बनवू लागतो. मग तुरा वाढतो, ती आरवते. कोंबडा नसलेल्या कळपात वरचढ कोंबडी नुसत्या रुबाबानेही आरवते.

बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे अंडं सुटताना फुटलेली बारीक शीर. त्याचा पिल्लाशी संबंध नाही, अंडं खाण्याजोगं आहे. पहिल्या-पहिल्या अंड्यांत दोन बलक, मऊ कवच किंवा बलकच नसलेलं चिमुकलं अंडं, हे सगळं चालतं. महिनाभर चालू राहिलं तर प्रश्न ६ मधलं कॅल्शियम पाहा.

कडकनाथचं मांस आणि हाडं काळी, अंडं मात्र फिकट बदामी. झाबुआच्या कडकनाथला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. “काळं अंडं” म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर घेऊ नका. अंडी लगेच धुऊही नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो, धुतलं की तो जातो. मळलेलं अंडं आधी वापरा, धुतलेलं फ्रीजमध्ये ठेवा. आणि कोंबडी हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांचेही.

२१. वास आणि माश्यांचं काय करायचं?

दांड्यांखाली ट्रे ठेवून रोज सकाळी विष्ठा उचला, तिथेच बहुतेक काम होतं. झाकणाच्या ड्रममध्ये एक थर विष्ठा, दोन थर सुका पाला किंवा तूस. दोन-तीन महिन्यांत खत तयार. ताजी विष्ठा झाडांना घालू नका, मुळं जळतात. तयार खताची पिशवी पहिल्यांदा त्या शेजाऱ्याला द्या ज्याच्या खिडकीकडे वारा जातो.

२२. आमची कोंबडी चार वर्षांची झाली, अंडी जवळजवळ बंद. आता काय करावं?

दुसऱ्या वर्षानंतर अंडी कमी होत जातात आणि कोंबडी सहा-आठ वर्षं जगू शकते. म्हणजे हा प्रश्न पाळणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. ज्यांच्या घरी कोंबडी खाल्ली जाते त्यांनी ती खावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कापण्याआधी औषध चालू नव्हतं ना हे बघा, असेल तर पशुवैद्याने सांगितलेले दिवस थांबा. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी ठेवावी. म्हातारी कोंबडी कीडे खाते, खत देते, घार आधी ओळखते आणि नव्या तलंगांना दांडीवर बसायला शिकवते. खाद्य तिला लेअर मॅशऐवजी ग्रोअर द्या, एवढं कॅल्शियम तिला आता नको.

जागाच नसेल तर ओळखीच्या घरी द्या. येऊरच्या जंगलात किंवा पारसिकच्या डोंगरावर “मोकळी” सोडू नका. ती पहिल्याच रात्री कुणाच्या तरी तोंडी जाते. नव्या घरी जोडीने द्या, सोबत चार दिवसांचं तिचं नेहमीचं खाद्य द्या, आणि त्यांना सांगा की पहिले सात दिवस बंद ठेवायची.